फिनेलपेक्षा पंखा बरा

पत्र: "सासूबाई ८१ वर्षांच्या. शिमग्याच्या आधी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. साखर आहे. तेव्हापासून अंथरुणावरच आहेत. रोज सकाळी डेटॉल घातलेल्या गरम पाण्याने अंग पुसते, पावडर लावते, खोली दोनदा फिनेलने पुसते. तरी पाऊस लागल्यापासून वास जात नाही. जांघेत लाल चट्टे उठलेत. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे, त्याला तेल चोळते आणि खाली जुन्या लुगड्याची चुंबळ करून ठेवते. डायपर दिवसाला एकच परवडतो. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. गेले चार दिवस पातळ जुलाबही सुरू आहेत. अंगाला हात लावला की 'माका हात लावू नको' म्हणून ओरडतात. नणंद मुंबईहून फोनवर म्हणते, स्वच्छता कमी पडत असेल. नेमकं चुकतंय काय?" – एक सून, ता. देवगड

ताई, स्वच्छता कमी पडत नाहीये. ओल जास्त झालीय. पाणी, साबण, जंतुनाशक, फिनेल या सगळ्याने तुम्ही खोलीत आणि सासूबाईंच्या अंगावर ओल वाढवताय, आणि आषाढातल्या दमट हवेत ती सुटायला वाटच नाही. वास, चट्टे, डाग ही दुखणी वेगवेगळी दिसली तरी तिन्हींना ओल पोसते. तेव्हा धुणं थोडं कमी आणि कोरडं करणं पुष्कळ, असा हिशेब धरा.

पण आधी माकडहाडावरचा डाग, कारण तो थांबणार नाही. बोटाने दहा-पंधरा सेकंद दाबून बोट उचला. डाग क्षणभर फिका पडून परत लाल झाला, तर रक्त अजून फिरतंय. फिका पडलाच नाही, तर ती दाबव्रणाची पहिली पायरी आहे. वर्ण सावळा असेल तर फिकेपणा दिसत नाही. अशा वेळी बाजूच्या कातडीशी ताडून बघा: तेवढीच जागा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का, काळपट-जांभळी दिसते का. आत हाड आणि खाली गादी यांच्यामध्ये मांस चिरडतं, म्हणून वर रुपयाएवढा डाग दिसला तरी आत नुकसान जास्त असू शकतं.

चुंबळ आजच काढून टाका. हंड्याखाली चुंबळ चांगली, माणसाखाली नाही. मधला भाग अधांतरी राहतो हे खरं, पण कडेचा सगळा गोल दाबला जातो आणि मध्ये जाणारं रक्त तिथेच अडतं. दुकानात मिळणारी रबरी रिंगही त्याच कारणाने नको. डागावर तेल चोळणंही बंद करा. दुखावलेल्या मांसावर चोळल्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फुटतात. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला हलक्या हाताने खोबरेल लावायला हरकत नाही.

या डागाचं खरं औषध म्हणजे कूस बदलणं. दिवसा दर २ तासांनी. सकाळी ६ ला डावी कूस, ८ ला उताणं, १० ला उजवी, असं कागदावर लिहून घड्याळाखाली चिकटवा, नाहीतर दुपारी कोणालाच आठवत नाही. डाग आहे तोवर उताणं कमीत कमी ठेवा, जेवणापुरतंच. कुशीवर म्हणजे पूर्ण काटकोनात नको, त्याने सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी खोचून साधारण ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे भार ढुंगणाच्या मांसावर पडतो. त्या खाली तळहात सरकवून बघा, माकडहाड मोकळं लागलं पाहिजे. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक पातळ उशी अशी, की टाचा हवेत राहतील. टाचेच्या खाली उशी घालायची नाही. उजव्या, म्हणजे गेलेल्या बाजूवर कमी वेळ ठेवा, आणि ठेवताना तो खांदा थोडा पुढे ओढून घ्या, अंगाखाली दाबू देऊ नका. त्या बाजूला दुखलं तरी त्यांना कळेलच असं नाही. वर सरकवायचं असेल तेव्हा काखेत हात घालून ओढू नका. ओढताना चादरीला कातडी चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. त्यासाठीच छातीपासून गुडघ्यापर्यंत एक आडवी चादर कायम अंथरलेली हवी. दोघांनी दोन्ही बाजूंनी तिचा गोळा करून धरायचा आणि उचलून सरकवायचं. उशाकडचा भाग फार वेळ उंच ठेवला की माणूस हळूहळू खाली घसरतो, आणि हा घसरा माकडहाडालाच लागतो. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास उंच, मग खाली.

कातडी उघडली, पाणी सुटलं, काळं पडलं, किंवा वास येऊन ताप आला, तर घरात हळद-भस्म काही लावत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. न्यायला जमत नसेल तर आशाताईंकडून उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना निरोप द्या, घरी येऊन बघायला सांगा. तोवर उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात पोह्यांचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून त्याने जखम धुवायची आणि निर्जंतुक गॉज ठेवायचा. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस येतो म्हणून जखम साफ झाल्यासारखं वाटतं, पण त्याने नवं येणारं मांसही मरतं.

आता वास. फिनेल वास घालवत नाही, त्याच्यावर दुसरा वास चढवतं. नाक खाली नेऊन वासाचं ठिकाण शोधा, बहुतेक वेळा ते जमिनीत नसतं. कापसाची गादी असेल तर पहिला संशय तिच्यावर. तिने लघवी प्यायली की ती धुता येत नाही, आणि आता उन्हात टाकायला ऊन नाही. अशी गादी वाचवण्यात अर्थ नाही. चार इंचांची फोमची गादी, तिला रेक्झिनचं बंद खोळ, वर मेणकापड फक्त कमरेखालच्या भागात, त्यावर सुती चादर, त्यावर ती आडवी चादर. मेणकापड कधीच थेट अंगाखाली नको, घामाने अंग शिजतं. गोधडी अंगावर घ्यायला ठीक, खाली नको. एकदा भिजली की दिवाळीपर्यंत वाळत नाही.

हवेची गादी घेणार असाल तर दोन गोष्टी. खालच्या पंपाचा दाब वजनाप्रमाणे लावायचा. फुग्यासारखी टणक केली तर उपयोग गेला. माकडहाडाच्या जागी गादीच्या खालून तळहात घालून बघायचा, हाड आणि हात यांच्यामध्ये निदान इंचभर हवा राहिली पाहिजे. आणि ती नेहमी फोमवर टाकायची, लाकडी पलंगावर नुसती नाही. पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, पंप थांबला की बऱ्याच गाद्या तासा-दोन तासांत बसतात. हवेची गादी आली म्हणून कूस बदलणंही थांबत नाही.

जाता जाता, पलंग उंच करा. वाकून वाकून तुमची कंबर गेली तर दोघींचं कोण बघणार? सारख्या उंचीचे चार जांभ्याचे चिरे आडवे ठेवून त्यांत पलंगाच्या पायांना खळगे कोरून घ्या. काम तुमच्या कमरेच्या उंचीला येईल आणि पाय सटकणार नाहीत. पलंगाच्या दोन्ही अंगांना उभं राहायला जागा हवी. पण उंच पलंगावर एकट्या ठेवताना एका बाजूला बाक लावा आणि दुसऱ्या बाजूला कठडा.

अंग पुसायचं ते रोज नखशिखांत नको. चेहरा, काखा, स्तनांच्या खाली, जांघा आणि गुप्तांग रोज. सगळं अंग एक दिवसाआड. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना, तोही सौम्य आणि अगदी थोडा. पाण्यात जंतुनाशक नकोच. म्हाताऱ्या कातडीवरचा उरलासुरला तेलकटपणा त्याने जातो, बारीक भेगा पडतात आणि जंतूंना तिथूनच वाट मिळते. वेळ सकाळी दहा-अकराची धरा, थोडी ऊब असते. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. पाणी कोमट, तुमच्या कोपराने तपासलेलं. साखर आणि अर्धांग दोन्ही असल्यामुळे पाणी पोळतंय हे त्यांना समजेलच असं नाही.

दोन लहान बादल्या, तीन फडकी. फडक्यांचे रंग वेगळे: एक तोंडाचं, एक अंगाचं, एक खालच्या भागाचं, आणि हे तिसरं कधीच दुसऱ्या कामाला नाही. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, साबणाशिवाय, प्रत्येक डोळ्याला फडक्याचा नवा कोपरा. मग मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ. एका वेळी एकच भाग उघडा करायचा, पुसायचा, लगेच टिपायचा आणि झाकायचा. गुप्तांग शेवटी, बदललेल्या पाण्याने आणि नेहमी पुढून मागे. मागून पुढे पुसलं की विष्ठेतले जंतू लघवीच्या वाटेला जातात, आणि बायकांमध्ये ती वाट आखूड असते.

खरी मेहनत टिपण्यात आहे. घासायचं नाही, मऊ कापड दाबून धरायचं. स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत, कानामागे, पायाच्या प्रत्येक बोटाच्या बेचक्यात, बांगड्यांखाली. आणि एक जागा सगळे विसरतात: लुळ्या हाताची मिटलेली मूठ. आत घाम साचतो, नखं तळव्यात रुततात आणि आंबूस वास सुटतो. बोटं जोराने उलगडू नका. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग धुवा, टिपा, नखं आडवी कापा आणि मुठीत मऊ सुती कापडाची गुंडाळी द्या. सगळं झालं की अंगावर पातळ चादर टाकून, घड्या उघड्या राहतील असं दहा-पंधरा मिनिटं पंख्याच्या हलक्या वाऱ्यात पडू द्या. पावडर नको. ओलीत तिचं पीठ मळतं आणि घडीत घासून साल काढतं. कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. मागे पूर्ण उघडणारा गाऊन शिवून घेतला तर दोन्ही वेळची ओढाताण वाचते.

जांघेतले चट्टे लालभडक असतील आणि कडेबाहेर राईच्या दाण्यांसारखे सुटे पुरळ असतील, तर ती बुरशी आहे. साखरवाल्यांना ती लवकर धरते. डॉक्टरांना दाखवा, साधारणपणे नुसतं क्लोट्रिमाझोलचं १ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा देतात आणि चट्टे गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायला सांगतात. मेडिकलमधून आपणहून ट्यूब आणाल तर मागचं नाव वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही मिसळलेलं असेल तर ते स्टिरॉईड आहे. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, आणि मग बुरशी दुप्पट पसरते, वर कातडी पापुद्र्यासारखी पातळ होते. रक्तातली साखरही एकदा तपासून घ्या. ती चढलेली राहिली तर मलम काय करणार? चट्टे बरे झाल्यावर लघवी-शीच्या जागी झिंक ऑक्साईडच्या मलमाचा पातळ थर लावा. दर वेळी तो खरवडून काढायचा नाही. वरची घाण तेवढी खोबरेलाच्या बोळ्याने पुसायची आणि थर कमी झाला असेल तर वर थोडं लावायचं.

एकच डायपर परवडतो तर तो दिवसभर ठेवून चालणार नाही. पुड्यावर दहा-बारा तास लिहिलेलं असलं तरी आपल्या हवेत चार-पाच तासांवर नेऊ नका, आणि शी झाली की त्याच मिनिटाला काढा. त्यापेक्षा दिवसा डायपर नकोच. जुन्या सुती लुगड्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे चौघडी करून खाली घाला, भिजलं की बदला. दर २ तासांनी कूस बदलताना हात लावून बघायचंच आहे. डायपर रात्री घाला, तोही चार-पाच तासांपुरताच. ज्यांना सांगता येतं त्यांना सकाळी उठल्यावर आणि प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या तासाने बेडपॅन दिलं तर निम्मी भिजणी टळते. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. घट्ट लघवी कातडीला जास्त झोंबते आणि मूत्रमार्गाला संसर्ग होतो. म्हातारपणी त्याची खूण बऱ्याचदा ताप नसते, माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो किंवा गुंगीत जातो.

आता चार दिवसांच्या जुलाबांबद्दल. ही गोष्ट बहुतेक घरांत उलटी समजली जाते. त्याआधी आठवडाभर शी नीट झाली होती का, आठवा. झाली नसेल तर आत कडक शीचा खडा बसलेला असू शकतो, आणि त्याच्या कडेने फक्त पातळ पाणी झिरपतं. वरून जुलाब, आत बद्धकोष्ठ. थोडं थोडं, सारखं, नकळत लागतं, पोट टम्म असतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर खडा आणखी घट्ट होतो. आधी डॉक्टरांनी बोट घालून तपासायला हवं. घरी बोटाने उकरायचा प्रयत्न करू नका. साधेच जुलाब निघाले तरी चार दिवस या वयाला जास्त झाले, म्हणून हे दाखवणं उद्यावर टाकू नका. पुढे पातळ पेज चालली तरी नुसत्या पेजेवर ठेवू नका. कुळथाची पिठी, अंडं, काटे काढून कुस्करलेला बांगडा असं काही रोज पोटात गेलं तर व्रण भरायला प्रथिनं मिळतील. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र सगळं दाटसर आणि बसवूनच.

वापरलेला डायपर व्हाळात किंवा खाडीत जाऊ देऊ नका, आणि चुलीत तर नाहीच, प्लॅस्टिकचा धूर घरभर होतो. विष्ठा संडासात झटकून, डायपर घट्ट गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत वेगळा द्यायचा. गाडी येत नसेल आणि पुरायची वेळ आलीच, तर विहिरीपासून निदान ३० मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला. जांभा सच्छिद्र असतो, खड्ड्यातलं पाणी वाटतं त्याहून लांब जातं.

मळलेले तुकडे आधी संडासात खंगाळायचे, मग साबणाने धुवायचे, मग जंतुनाशकात. हा क्रम उलटा केला तर ब्लीचिंगची ताकद विष्ठेवरच संपते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर यासाठी उत्तम. पोह्यांचे तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, १० लिटरच्या बादलीत ढवळून निवळू द्या. वरच्या निवळ पाण्यात पांढरे कपडे अर्धा तास बुडवा आणि दोन पाण्यांतून काढा, कारण उरलेला अंश कातडीला लागतो. तेवढीच पावडर १ लिटर पाण्यात घातली की ते विष्ठा पडलेल्या, पण आधी पुसून घेतलेल्या फरशीला आणि धुतलेल्या बेडपॅनला. लघवी असलेल्या भांड्यात ती कधी ओतू नका आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी तर चुकूनही मिसळू नका. दोन्ही वेळा छातीत जाणारा विषारी वायू निघतो. दमट हवेत पावडर डबा उघडा राहिला की मरते. फिरकीच्या प्लॅस्टिक बरणीत ठेवा, पाणी रोज नवं करा. नाकाला तो उग्र वास आला नाही तर पावडर संपली समजा.

वाळवणं हा पावसाळ्यातला अर्धा सामना. पडवीतल्या दोरीवर एकावर एक टाकले तर कुबट होणारच. तुकडे लहान आणि पातळ ठेवा, दोन तुकड्यांत चार बोटं अंतर, खाली टेबलफॅन. चुलीवरच्या उबेला टाकत असाल तर धुरापासून लांब. शेवटी कडक इस्त्री, शिवणींवर जास्त वेळ, कारण ओल तिथेच लपते. निदान २० तुकडे फिरते हवेत; कपाटात गेलेला तुकडा गालाला लावल्यावर गार लागला तर तो अजून वाळलेला नाही.

तोंडाकडे तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि खोलीतला वास कधी कधी तिथून येतो. जेवल्यावर लुळ्या बाजूच्या गालात घास तसाच राहतो. बसवून किंवा कुशीवर वळवून, बोटाला ओलं गॉज गुंडाळून तो गाल आतून साफ करा, दोन वेळा मऊ ब्रशने दात आणि जीभ. पाणी तोंडात ओतू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात.

तुमचे हात: नखं कापलेली, कामाआधी बांगड्या वर सारलेल्या, साबणाने मनगटापर्यंत ४० सेकंद. हातमोजे घातले तरी काढल्यावर हात धुवायचेच.

त्या ओरडतात त्याबद्दल थोडं. बाईमाणसाला सुनेसमोर उघडं पडणं सोपं नसतं, आणि झटक्यानंतर माणसाला पुढे काय होणार याचा अंदाज लवकर येत नाही. डाव्या, म्हणजे जाणत्या बाजूने जा, नजरेत या, "आई, आता पाठ पुसतंय" असं सांगा आणि मग हात लावा. फडकं त्यांच्या चांगल्या हातात देऊन तोंड आणि छाती त्यांनाच पुसू द्या. वेळ लागेल. तरी एखाद्या दिवशी नको म्हणाल्या, तर जांघा आणि पाठ तेवढी पुसा, बाकी उद्या. लुळा खांदा ओढला जात असेल तर ओरडणं दुखण्याचंही असू शकतं. हात उचलताना कोपर आणि मनगट दोन्ही खालून धरा.

नणंदबाई गणपतीला येतील तेव्हा त्यांना स्वच्छतेवर काही समजावत बसू नका. घड्याळाखालचा कागद दाखवा आणि त्या असतील तितक्या दिवस रात्रीची कूस बदलायची पाळी त्यांच्याकडे द्या. आडवी चादर धरायला दुसरं माणूस लागतंच.